पदकाच्या कडेवरचं नाव: तो सैनिक कोण होता, हे कसं शोधायचं

सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत पत्र्याच्या ट्रंकेत, देव्हाऱ्याखालच्या डब्यात किंवा आजीच्या गाठोड्यात एखादं जुनं लष्करी पदक असतं. पणजोबा 'बसऱ्याच्या लढाईला' गेले होते, एवढंच कुणालातरी आठवत असतं. कधी ते पदक आपल्या घरचं नसतंही. जुन्या बाजारातून आलेलं असतं, मोडीच्या चांदीत सापडलेलं असतं, नाहीतर पडक्या वाड्याच्या कोनाड्यात मिळालेलं असतं. त्याच्या कडेवर मात्र बारीक अक्षरांत एका माणसाचं नाव असतं. तो कोण, कुठल्या गावचा, परत आला की तिकडेच राहिला, हे शोधून काढता येतं. दर वेळी सगळं हाती लागत नाही, पण नीट क्रमाने गेलात तर जेवढं मिळण्यासारखं आहे तेवढं हातचं जात नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. नवखा माणूस पहिल्यांदा नावाच्या मागे लागतो आणि तिथेच गुंततो. आपल्याकडे एकेका गावात एकाच नावा-आडनावाचे चारचार लोक असतात, आणि नाव लिहिणाऱ्या कारकुनाला मराठी येत होतंच असं नाही. त्यामुळे नाव हा सगळ्यात कच्चा धागा. नंबर आणि पलटण हा पक्का धागा. शोध त्या दोघांपासून सुरू करायचा आणि नावाचा उपयोग शेवटी खात्री करायला करायचा.

घासायचं नाही

पदक हाती आलं की ते चकचकीत करावंसं वाटतं. चिंच, लिंबू, राख, भांड्याची पावडर यातलं काहीही लावू नका. कडेवरची अक्षरं फार उथळ असतात. दोनचार वेळा घासलं की आकड्यातला ३ आणि ८ यांच्यातला फरक जातो, आणि मग सगळा शोध भलत्याच माणसाकडे वळतो. धूळ असेल तर मऊ सुती कापडाने हलकेच टिपा, तेवढं पुरे. रिबिन जुनी असेल तर ती कितीही मळकी दिसली तरी काढू नका. तिच्या रंगांच्या पट्ट्यांवरून पदक ओळखता येतं.

कऱ्हाडकडच्या एका घरात पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक मी देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवलेलं पाहिलं. त्या पदकाच्या मागच्या बाजूला घोड्यावर बसलेला वीर असतो आणि घोड्याच्या टापांखाली ढाल आणि कवटी असते. घरच्यांनी त्याला देव मानून वर्षानुवर्षं हळदकुंकू वाहिलं होतं. कुंकू कडेच्या अक्षरांच्या खाचांत बसलं होतं आणि त्यामुळे नंबर अगदी स्वच्छ वाचता येत होता. 'हातात घेऊन बघू का?' असं विचारल्यावर आजी म्हणाल्या, 'बघा की, पण परत तिथंच ठेवा.' तसंच केलं. कुणाच्या घरचं पदक पाहायला गेलात तर ते त्या घरात कुठल्या मानाने ठेवलंय ते आधी बघा आणि मगच हात लावा.

कडेवरची ओळ जशीच्या तशी उतरवा

गोल पदक असेल तर नाव कडेच्या जाडीवर असतं. चांदणीच्या आकाराचं असेल तर मागच्या सपाट बाजूवर. घरातला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरा, म्हणजे उजेड अक्षरांवरून घसरत जाईल आणि खाचांत सावली पडेल. पदक थोडं थोडं फिरवत चारपाच फोटो काढा. तरीही लागत नसेल तर पातळ कागद कडेवर गुंडाळून मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरवा. ठसा कागदावर उमटतो.

मग ती ओळ वहीत उतरवा. रोमन लिपीत आहे तशीच, चुकीचं स्पेलिंग आणि मधल्या टिंबांसकट. आपल्या मनाने सुधारून 'जाधव' लिहू नका. एखादं अक्षर लागत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाका. ही ओळ साधारण अशी असते (नाव नमुन्यादाखल घेतलंय): '२४१७ सेपॉय रामा जाधाओ, १०३ एम.एल.आय.' म्हणजे आधी नंबर, मग दर्जा, मग नाव, शेवटी पलटण (एम.एल.आय. म्हणजे महारट्टा लाइट इन्फंट्री). वडिलांचं नाव नसतं आणि गावही नसतं. तेच आपल्याला शोधायचं असतं.

दर्जा नीट वाचा. सेपॉय, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार हे लढणारे. सॅपर म्हणजे इंजिनिअर पलटणीतला. ड्रायव्हर म्हणजे त्या काळी बहुतेक वेळा खेचरं नाहीतर घोडे हाकणारा. मोटारचालक समजू नका. भिस्ती, स्वयंपाकी, डोलीवाहक, फॉलोअर असंही लिहिलेलं सापडतं. हे लोक रणांगणावर होते, मेलेही, आणि त्यांची पदकंही तितक्याच जपणुकीने शोधायला हवीत. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल साधारणपणे चांदीचं. मजूर आणि हमाल पथकांतल्या लोकांना मात्र तेच पदक काशाचं दिलं गेलं. तेव्हा तुमच्या हातातलं पदक तांबूस आहे म्हणून ते नकली ठरवून बाजूला टाकू नका.

एकाच माणसाच्या दोन पदकांवर दर्जा वेगळा दिसला, तर तीही काळजीची गोष्ट नाही. मध्ये बढती झालेली असू शकते. नंबर आणि पलटण जुळतेय ना, ते पाहा.

पदक कुठलं, हे आधी ठरवा

पदकाच्या जातीवरून काळ कळतो आणि काळावरून कागद कुठे असतील ते कळतं. आपल्या भागात सगळ्यात जास्त दिसतात ती पहिल्या महायुद्धाची. चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलवर पुढे राजा पाचवा जॉर्ज आणि मागे तो घोडेस्वार. व्हिक्टरी मेडल काशाचं, त्यावर पंख असलेली स्त्री आणि इंद्रधनुष्यासारखी रिबिन. चांदणी असेल तर ती कुठली ते पाहा. '१९१४' ची चांदणी फक्त फ्रान्स-बेल्जियममध्ये ऑगस्ट ते नोव्हेंबर १९१४ या काळात असलेल्यांना मिळाली. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या तेव्हा तिथे लढत होत्या, त्यामुळे आपल्याकडच्या सॅपरच्या घरी ती निघू शकते. '१९१४-१५' ची चांदणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, सुरुवातीला गेलेल्या मराठ्यांच्या घरी जास्त.

वायव्य सरहद्दीवरच्या मोहिमांसाठी इंडिया जनरल सर्व्हिस मेडल असे. त्याच्या वर आडव्या पट्टीवर मोहिमेचं नाव आणि सालं असतात, उदाहरणार्थ वझिरीस्तान १९२१-२४. ही पट्टी म्हणजे तयार पुरावाच, तारखांची कक्षा ती स्वतःच देते.

तळहातापेक्षा मोठी काशाची जड तबकडी, त्यावर त्रिशूळ घेतलेली स्त्री आणि सिंह, आणि चौकटीत उठावाच्या अक्षरांत नाव असेल, तर ते पदक नव्हे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकाच्या वारसाला दिलेली ती स्मृतितबकडी आहे. तिच्यावर नंबर किंवा दर्जा मुद्दाम घातलेला नाही, कारण मरणात सगळे सारखे मानले होते. शोधाच्या दृष्टीने हे अवघड जातं, पण एक गोष्ट मात्र पक्की कळते: हा माणूस परत आला नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना मिळालेली चांदण्या आणि पदकं कोरी असत. हिंदी फौजेतल्या अनेकांच्या पदकांवर मात्र नाव छापलेलं सापडतं. म्हणून कोरं दिसलं तरी दोन्ही बाजू आणि कड एकदा नीट बघून घ्या. १९११ च्या दिल्ली दरबाराची पदकं कोरीच दिली गेली. त्यावर नाव असेल तर ते मालकाने नंतर करून घेतलेलं.

नाव मूळचं आहे का?

बाजारातून घेतलेल्या पदकाबाबत हा प्रश्न विचारायलाच हवा. सरकारी नाव दोन तऱ्हांनी येतं. ठशांनी दाबलेली अक्षरं सरळ, एकाच उंचीची असतात. जुन्या सरहद्दी मोहिमांच्या पदकांवर हाताने कोरलेली, तिरकी, वळणदार अक्षरं असतात. दोन्ही खरी असू शकतात. संशय तेव्हा घ्यायचा, जेव्हा कडेला कानशीचे ओरखडे दिसतात, नावाच्या जागी धातू किंचित खोलगट झालेला असतो, किंवा नंबर एका वळणाचा आणि नाव दुसऱ्या वळणाचं असतं. ही पदकं बहुतेक ३६ मिलिमीटर व्यासाची. ओळखीच्या सराफाकडे व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, असतो. त्याने कडेवर तीनचार ठिकाणी आडवंउभं माप घ्या. एका बाजूने माप कमी भरलं तर मूळ नाव घासून दुसरं घातलंय असं समजा. असल्या पदकावरून कुणाच्याही घरी जाऊ नका. भलत्याच कुटुंबाला 'हे तुमच्या आजोबांचं' असं सांगण्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

सोनाराने वरच्या बाजूला कडी डाखलेली असेल, तर मात्र ती फसवणूक नव्हे. चांदीचं पदक गळ्यात घालायला किंवा मुलाच्या करगोट्यात ओवायला तसं करून घेत. डाखाखाली एखादं अक्षर दडलेलं असतं, ते ओळीत धरायला विसरू नका.

पलटण ओळखणं

हा टप्पा जमला की अर्धं काम झालं. पलटणींची नावं दोनदा बदलली, आणि दोन्ही बदल लक्षात ठेवायला सोपे आहेत.

१९०३ मध्ये मुंबई फौजेच्या पलटणींच्या आकड्यात १०० मिळवले गेले. त्याआधीची ३ री बॉम्बे म्हणजे नंतरची १०३ री, १० वी म्हणजे ११० वी, १७ वी म्हणजे ११७ वी. त्यामुळे १९०३ च्या आधीच्या पदकावर लहान आकडा दिसला तर शंभर मिळवून पुढचं नाव काढता येतं. पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या नावाच्या पलटणी सहा होत्या: १०३, १०५ आणि ११० या लाइट इन्फंट्री, तर ११४, ११६ आणि ११७ या नुसत्या मराठा. पदकावर 'महारट्टा' (Mahratta) असं जुन्या इंग्रजी धाटणीचं स्पेलिंग असतं, ऑनलाइन शोधतानाही तेच टाकावं लागतं.

१९२२ मध्ये या सगळ्यांची मिळून ५ वी महारट्टा लाइट इन्फंट्री झाली आणि बेळगाव तिचं केंद्र झालं. १०३ ची झाली पहिली बटालियन, म्हणजे आपली जंगी पलटण. १०५ ची दुसरी, जिला आजही काळी पाचवी म्हणतात. ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची दहावी, म्हणजे प्रशिक्षण बटालियन. त्यामुळे पदकावर '२-५' असं दिसलं तर ते पाचव्या रेजिमेंटची दुसरी बटालियन असं वाचा. ही तिसरी बटालियन स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि आज ती २ पॅरा आहे. हे माहीत नसलं की माणूस भलत्याच ठिकाणी चौकशी करत राहतो.

सगळे मराठा पलटणीतच गेले असंही धरू नका. आपल्या भागातले लोक ग्रेनेडियर्समध्ये, पायोनियर पलटणींत, खडकीच्या सॅपर्समध्ये, पुरवठा आणि वाहतूक खात्यात होते. महार समाजातल्या तरुणांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली गेली होती. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची. १११ ची पदकं थोडी आहेत. ज्यांच्या घरी असतील त्यांनी ती फार जपावीत. त्याहून जुन्या महार सैनिकांच्या नावाला 'नाक' जोडलेलं असतं, ते आडनाव समजू नका.

आणि महत्त्वाचं: त्या काळी नंबर फक्त त्या पलटणीपुरता असे. १०३ मधला २४१७ आणि ११० मधला २४१७ ही दोन वेगळी माणसं. नंबर आणि पलटण कायम जोडीने शोधा.

कारकुनाचं स्पेलिंग

आता नावाकडे वळू. कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलं. जाधवच्या शेवटी व्हीऐवजी ओ येतो, यादवचंही तेच. पवारचं पोवार होतं, चव्हाणचा ण उडतो आणि चवान उरतं. ड चा हटकून आर होतो, म्हणून गायकवाड हे गायकवार आणि घोरपडे हे घोरपरे दिसतं. ळ ला एल, त्यामुळे काळे आणि काले, माळी आणि माली यांत फरकच राहत नाही. भोसलेत मध्येच एन घुसतो. पहिली नावंही घरची: तुकारामचं तुका, गणपतचं गणू, ज्ञानदेवचं ग्यानू. शोधायला बसण्याआधी वहीत एका नावाची शक्य ती सगळी रूपं लिहून काढा आणि एकेक टाकून बघा. भरतीच्या वेळी एखाद्याने आडनावाऐवजी गावाचं नाव सांगितलं किंवा मूळ घराण्याचं नाव दिलं, असंही होतं. घरात आज जे आडनाव लावतात तेच तेव्हा असेल असं गृहीत धरलं तर बरोबर आलेली नोंदही हातातून सुटते.

तो लढाईत गेला असेल तर

दुःखाची गोष्ट, पण जे मेले त्यांचा माग जास्त सहज लागतो. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या, म्हणजे सीडब्ल्यूजीसीच्या संकेतस्थळावर ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातल्या मृत सैनिकांची नोंद फुकट शोधता येते. आधी नाव न टाकता नंबर आणि रेजिमेंट टाकून बघा. काही निघालं नाही तर रेजिमेंट आणि आडनावाचं एकेक रूप. ज्या नोंदीत जादा माहिती आहे तिथे 'अमुकचा मुलगा, अमुक गाव, सातारा, मुंबई इलाखा' असं लिहिलेलं असतं. एवढ्या एका ओळीत वडिलांचं नाव आणि गाव दोन्ही मिळतात.

मेसोपोटेमियात मेलेल्यांची नावं बहुधा बसरा स्मारकाखाली सापडतील. तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात, म्हणजे डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी अडकल्या होत्या. उपासमार झाली, शरणागती झाली आणि कैदेत पायी चालवत नेताना पुष्कळ जण मेले. त्यामुळे मृत्यूची तारीख १९१६ च्या उत्तरार्धातली किंवा १९१७ ची असेल आणि पलटण कुतमध्ये सापडलेली असेल, तर तो माणूस युद्धकैदी असण्याची शक्यता जास्त. बसऱ्याच्या मूळ दगडी फलकांवर हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, फक्त पलटण आणि संख्या. नावं छापील यादीत राहिली. गोऱ्या सैनिकांची नावं मात्र कोरली गेली. आज ती यादी ऑनलाइन आहे म्हणून आपण त्यांना शोधू शकतो, आणि शोधायलाच हवं.

इथे एक मोठा खड्डा आहे. त्या नोंदीतलं 'सातारा' म्हणजे आजचा सातारा जिल्हा नव्हे. १९४९ मध्ये जुन्या जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. म्हणजे वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे सगळे १९१६ साली साताऱ्यातच होते. उलट सांगली, मिरज, जत, फलटण, औंध ही संस्थानं होती, आणि औंधचा मुलूख तर आटपाडीपर्यंत तुकड्यातुकड्यांनी पसरलेला. त्यामुळे गावाचं नाव लागलं की ते आजच्या सातारा आणि सांगली अशा दोन्ही जिल्ह्यांच्या गावयादीत बघा. एकाच नावाची गावंही कमी नाहीत. शिरगाव, वडगाव, पिंपरी, निमसोड असलं काही निघालं तर तालुका कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पुण्याला खडकीच्या युद्धस्मारकावरही नावं आहेत. भारतात मेलेले आणि इतरत्र पुरलेले पण ज्यांच्या कबरी राखता आल्या नाहीत, असे सैनिक तिथे नोंदलेले आहेत.

तो परत आला असेल तर

इथे वाट लांबते. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पहिल्या महायुद्धाची पदककार्डं आहेत आणि ती ऑनलाइन शोधता येतात. त्यात हिंदी फौजेतल्या काहींचीही कार्डं आहेत, सगळ्यांची नाहीत. बघून घ्या, पण त्यावर विसंबू नका. शौर्यपदक असेल, म्हणजे इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट किंवा इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, तर लंडन गॅझेट फुकट शोधता येतं आणि तिथे नोंद निघाली तर नंबर, नाव, पलटण छापलेलं असतं. लाहोरच्या संग्रहालयातल्या सैनिकांच्या नोंदवह्यांबद्दल कुणी सांगेल. त्या पंजाबच्या आहेत, आपल्या माणसांसाठी तिथे वेळ घालवू नका.

पलटणीची युद्धदैनंदिनी मिळाली तर ती जरूर वाचा. लंडनला आहेत, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही आहेत, आणि अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल घरबसल्या चाळता येतं. त्यात साध्या शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण त्या दिवशी पलटण कुठे होती, किती पडले, पाणी मिळालं का नाही, हे सगळं असतं. नातवंडांना सांगायला याच्याइतकं खरं काही नाही.

मग घरातले कागद. डिस्चार्ज बुक, पेन्शनचं पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश), मनीऑर्डरच्या पावत्या, फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र. जुन्या डिस्चार्ज बुकात वडिलांचं नाव, गाव, तालुका, उंची, अंगावरच्या खुणा, भरतीची तारीख असं सगळं असतं. घरात म्हाताऱ्या बाई असतील तर त्यांना 'पलटण कुठली' असं विचारू नका. 'पेन्शन आणायला कुठे जायचे?', 'पत्र कुठून यायचं?' असं विचारा. उत्तर येतं.

दुसऱ्या महायुद्धातले सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना राज्य सरकार अनुदान देत आलं आहे. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज, नंबर आणि डिस्चार्जची प्रत जमा झालेली असते. सातारा आणि सांगली दोन्हीकडे हे कार्यालय आहे. वारसाने स्वतः अर्ज केला तर चांगलं, बाहेरच्या माणसाने वारसाचं संमतिपत्र सोबत न्यावं.

रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहिताना लाँग रोल, शीट रोल आणि किंड्रेड रोल हे तीन शब्द वापरा. लाँग रोल म्हणजे भरतीची मोठी नोंदवही, शीट रोल म्हणजे एका माणसाच्या नोकरीचा पूर्ण कागद, किंड्रेड रोल म्हणजे वारसांची यादी. 'आमच्या आजोबांची माहिती द्या' असं मोघम लिहिण्यापेक्षा 'नंबर अमुक, पलटण अमुक, लाँग रोलमधली नोंद हवी' असं लिहिलं की कारकुनाला नेमकी कुठली वही काढायची ते कळतं. जोडीला पदकाच्या कडेचे फोटो, तुमचं नातं दाखवणारा कागद आणि परतीचा पत्ता. महायुद्धकाळातल्या फार थोड्या नोंदी टिकल्या आहेत, तरी विचारायला हरकत नाही.

गावचं दप्तर

माझ्या मते शोध खरा उलगडतो तो इथेच, आणि बरेच जण इथवर येतच नाहीत. गाव कळलं की पहिल्यांदा वेशीजवळ, चावडीत, शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे का बघा. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावागावांत अशा पाट्या बसवल्या: या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं नसतात, पण संख्या कळते. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्यात तर घराघरांतून फौजेत जायची परंपरा आजही चालू आहे. अशा गावात जुन्या फौजी घरांना एकमेकांची नावं पाठ असतात.

नंतर तहसील कार्यालयाची अभिलेख खोली. गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, जिला सगळे कोतवाल बुक म्हणतात. त्यात बापाचं नाव, जात, गाव सापडतं. परदेशात मेलेल्याची नोंद तिथे नसेलही, पण त्याच्या मुलांच्या जन्माच्या नोंदी असतील. तिथे शेवटचं मूल कधी जन्मलं आणि नंतर पुढे काहीच नाही, हेही बोलकं असतं. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी हे जुने कागद मोठ्या प्रमाणावर बाहेर काढले, स्कॅन केले गेले. त्यामुळे पूर्वी जे दाखवायला टाळाटाळ व्हायची ते आता बरंच सोपं झालंय. कागद मोडीत असतील. गावात मोडी वाचणारं कुणी नसेल तर सातारा, सांगली, कोल्हापुरात मोडी वाचक मिळतात. मोडी लिप्यंतर करताना आपण शोधत असलेलं नाव त्यांना आधी सांगू नका. त्यांना काय दिसतंय ते आधी लिहू द्या, नाहीतर शेजारच्या ओळीतलं नावही आपलंच वाटायला लागतं.

जमीन असेल तर फेरफार, म्हणजे नमुना ६, आणि वारसांची नमुना ६ क. 'मयत अमुक, वारस बायको अमुक' अशी ओळ तिथे असते. सैनिक मेल्यावर जमीन भावाच्या नावे लागली की बायकोच्या, हेही तिथेच दिसतं. वाचताना जीव हलतो.

आणि हेळव्यांना विसरू नका. सांगली-कोल्हापूर आणि साताऱ्याच्या पूर्वेकडच्या भागात हेळवी लोक घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले. ते आले की भावकी जमते आणि ते आजोबा-पणजोबांची नावं खडाखड म्हणतात. 'फौजेत गेलेला, निपुत्रिक गेला' अशी आठवण त्यांच्या वहीत सापडण्याची शक्यता असते. सरकारी कागदात जो माणूस विसरला जातो तो तिथे जिवंत असतो. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही बघा. सैनिक परत आल्यावर नवस फेडायला गेला असेल तर सही किंवा अंगठा असतो.

१९४७ नंतरची पदकं

ही तुलनेने सोपी. काश्मीरची पट्टी असलेलं जनरल सर्व्हिस मेडल, १९६५ चं समर सेवा तारा आणि रक्षा पदक, १९७१ चं पूर्वी तारा, पश्चिमी तारा, संग्राम पदक, यांवर नंबर आणि नाव असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचे नंबर २७ ने, महार रेजिमेंटचे ४५ ने सुरू होतात. म्हणजे नंबर बघितल्याबरोबर कुठे लिहायचं ते कळतं: मराठ्यांसाठी बेळगाव, महारांसाठी मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी, तोफखान्यासाठी नाशिक रोड. हा सैनिक किंवा त्याची बायको हयात असू शकते. म्हणून पदक बाजारातून तुमच्या हाती आलं असेल तर नंबर आणि नाव समाजमाध्यमांवर टाकण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत निरोप द्या. पदक घरातून कसं गेलं असेल, चोरीला की अडचणीत विकलं, ते त्यांनाच ठाऊक असतं. उघड्यावर विचारून कुणाची लाज काढायची नसते.

जुळणी आणि पुढचं

हाती आलेल्या गोष्टी एका पानावर दोन भागांत लिहा. एका भागात कागदाने सांगितलेलं, दुसऱ्या भागात लोकांनी सांगितलेलं. पदक, मृत्यूची नोंद आणि गावचं दप्तर या तिघांपैकी निदान दोन स्वतंत्र कागदांत नंबर-पलटण किंवा बापाचं नाव-गाव जुळल्याशिवाय 'हाच तो' म्हणू नका. दोन उमेदवार उरले तर दोन्ही लिहून ठेवा. पुढच्या पिढीतलं कुणीतरी एखादं डिस्चार्ज बुक घेऊन येईल आणि निकाल लागेल.

कुटुंब सापडलं आणि पदक तुमच्याकडे असेल, तर ते परत द्यावं असं मला मनापासून वाटतं. किंमत मागायची असेल तर आधीच स्पष्ट सांगा, घरच्यांच्या डोळ्यांत पाणी आल्यावर नको. विकायचंच झालं तर लक्षात ठेवा, शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावास्तू कायद्याचं बंधन आहे. पहिल्या महायुद्धाची पदकं आता त्या वयात आली आहेत. परदेशी खरेदीदाराला कुरिअर करून मोकळे व्हाल तर अडचणीत याल.

परत देताना पदकाबरोबर तुमच्या शोधाच्या पानाची एक प्रत द्या, कुठली नोंद कुठे सापडली त्यासकट. घरच्यांना ती प्रत पदकाच्याच डब्यात ठेवायला सांगा. कडेची अक्षरं झिजतात, मग पुढे कुणी पाहिलं तर निदान कागद तरी वाचता येईल.